अक्काचा पासपोर्ट आणि लंडनचे आठ दिवस



लंडनला जायचे हे आमच्या घरात प्रथम बोलले गेले ते एका ट्रॅव्हल कंपनीच्या रंगीत पुस्तिकेवरून. कोणाच्या तरी लग्नात ती हाती आली. दहा दिवसांत सहा देश आणि त्यात लंडन दीड दिवस. राजवाड्यासमोर फोटो, मेणाचे पुतळे, नदीकाठचा मोठा पाळणा, संध्याकाळी मोकळा वेळ खरेदीसाठी. आम्ही त्यांच्या कार्यालयात गेलो आणि विचारले, बस किंग हेन्रीज रोडवर थांबेल का? समोरच्या मुलाने संगणकात पाहिले. "ते कार्यक्रमात नाही," म्हणाला. आम्ही म्हटले, अर्धा तास थांबवा, बाकीच्यांना चहा पाजा, आम्ही पैसे देतो. तो हसला. बिचाऱ्याचा दोष नव्हता. पण जिन्यावरून उतरतानाच आमचे ठरले की जायचे तर आपले आपण जायचे.

आमच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की हे कोण पैसेवाले. आमच्यापैकी एकाने बेस्टमध्ये एकतीस वर्षे कंडक्टरची बॅग खांद्यावर वागवली, दुसरीने शाळेत सेविका म्हणून काढली. तिसरी माणूस म्हणजे अक्का, एकाची थोरली बहीण, दुसरीची नणंद. वय एकाहत्तर. महानगरपालिकेत सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेली. अक्काला मराठी जोडाक्षरे टाळून वाचता येते, सही येते. ती एवढेच म्हणाली, "मला राणीचा वाडा नको न् पाळणा नको. बाबासायेब राहिले ते घर तेवढं दावा." तिने आपल्या पेन्शनीतले पैसे पत्र्याच्या पेटीत साठवले होते, ते आणून पुढ्यात ठेवले.

वस्तीत बोलणे झालेच. कोणी म्हणाले, एवढ्या पैशात विहाराची फरशी झाली असती. कोणी म्हणाले, या वयात गुडघे घेऊन कुठे निघाले. विहारासाठी आम्ही आमचा वाटा देतो, तो दिला आणि उरलेल्या पैशाचा हिशेब आमचा आम्ही केला. आमच्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले, गावचा पाणवठासुद्धा त्यांना बंद होता. त्यांच्या लेकरांनी जग बघायचे म्हटले की ते उधळपट्टीत का मोजायचे, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

आता पहिली गाठ व्हिसाची. इथे आम्ही चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो. युरोपातल्या पुष्कळ देशांना मिळून जो एक शेंगेन व्हिसा चालतो, तो लंडनला चालत नाही आणि लंडनचा पॅरिसला चालत नाही. पर्यटकाचा साधा व्हिसा सहा महिन्यांचा. अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांआधी करता येत नाही. फी २०२५ च्या एप्रिलपासून १२७ पौंड झाली होती, म्हणजे माणशी साधारण पंधरा हजार रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. फी वरचेवर बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आकडा पाहून घ्यावा. अर्ज संगणकावरच भरायचा, मग व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. मराठी कागद असेल, जसे शाळा सोडल्याचा दाखला, तर त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या नाव-सहीसह, जोडावे लागते.

आम्ही एका एजंटाला विचारले. तो म्हणाला, खात्यात शिल्लक भरपूर दिसली पाहिजे. म्हणून अक्काच्या पेटीतले पैसे आणि आमच्याकडचे थोडे असे मिळून दोन लाख रुपये आम्ही अर्जाच्या आठवडाभर आधी तिच्या खात्यात एकदम भरले. १४ एप्रिलची जयंती झाली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज केले. आम्हा दोघांचे व्हिसा झाले. अक्काचा नाकारला. पत्रात लिहिले होते की पेन्शन एवढी आणि एकदम आलेली रक्कम एवढी, ती कोठून आली याचा खुलासा नाही.

अक्काने पत्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "यात काय लिवलंय, मी खोटं बोलले म्हणून?" आम्ही म्हटले, नाही अक्का, पैसे कुठून आले ते सांगितले नाही, असे लिहिले आहे. ती म्हणाली, "मग सांगायचं की. झाडून कमावलेत." त्या रात्री आम्ही जेवलो नाही. दोन व्हिसा हातात आणि जिच्यासाठी जायचे तीच मागे. अक्का म्हणाली, तुम्ही जाऊन या, मला फोटो आणा. आम्ही जाणार नव्हतो.

अशा नकारावर अपील नसते, पण नवा अर्ज केव्हाही करता येतो. मेच्या मध्यात पुन्हा फी भरून अर्ज केला. या वेळी एजंटाकडे गेलो नाही. अक्काचे वर्षभराचे पेन्शन जमा झाल्याचे पासबुक, निवृत्तीचा आदेश आणि भाऊ-बहीण असल्याचे पुरावे भाषांतरासह लावले. आम्ही तिचा सर्व खर्च करणार असे लेखी दिले. आणि एक साधे पत्र जोडले: बँकेत ठेवण्याची सवय नसल्याने ही रक्कम घरात साठवली होती, त्यातील इतकी तिची, इतकी भावाची, अमुक तारखेला भरली. परत का येणार तेही लिहिले: घर इथे, पेन्शन इथे, नातवंडे इथे. तीन आठवडे होत आले तेव्हा पासपोर्ट आला, त्यात व्हिसा चिकटवलेला. तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी वर्षभर आधीपासून पैसे बँकेत ठेवावे, थोडे थोडे, आपल्या कमाईच्या मानाने. आणि व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये. आम्ही काढले नव्हते, ते बरे झाले, जरी नंतर काढलेले महाग पडले.

केव्हा जावे? आम्हाला जुलैचा पहिला पंधरवडा सोयीचा वाटला, त्याची कारणे दोन. एक, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना सुट्टी असते आणि लंडनमधली विद्यापीठे आपल्या वसतिगृहांतील खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही देते. हॉटेलच्या मानाने स्वस्त, खोली लहान पण स्वच्छ, पुष्कळ ठिकाणी सकाळचा नाश्ता धरून. ही माहिती आम्हाला आमच्याच वस्तीतल्या मुलीने दिली. ती राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये शिकून आली. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य सरकारची ही योजना आहे. दुसरे कारण पार्लमेंट. ते जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुट्टीवर जाते आणि मग सप्टेंबरपर्यंत सभागृह भरत नाही. चालू कामकाज पाहायचे तर त्याआधी पोहोचले पाहिजे.

शिवाय जुलैत तिथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. डिसेंबरात तो दुपारी चारच्या आत मावळतो, म्हणजे भाडे भरलेल्या दिवसाचे अर्धे तास अंधारात जातात. थंडीच्या धास्तीने आम्ही तिघांचे स्वेटर, कानटोप्या, अक्काची शाल असे सहा किलो लोकर बरोबर नेली. २०२५ चा तो जुलै निघाला उष्णतेच्या लाटेचा. पारा तीस अंशांच्या पुढे, वसतिगृहात पंखा नाही. अक्का खिडकी उघडून म्हणाली, "हे तर चेंबूरच हाय."

नकाशा आम्ही भिंतीवर लावला होता आणि बाबासाहेबांशी संबंध असलेल्या जागांवर लाल शाईने खुणा केल्या होत्या. खुणा झाल्यावर लक्षात आले की त्यातल्या तीन जागा, ब्रिटिश म्युझियम, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एकमेकींपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. म्हणजे एक दिवस तेवढ्यासाठी. किंग हेन्रीज रोड उत्तरेला, त्याला दुसरा दिवस. पार्लमेंट नदीकाठी, तिसरा. आधी कुठे जायचे ते ठरले की राहण्याची जागाही ठरते. आम्ही एंजल स्टेशनाजवळचे वसतिगृह धरले, कारण तिथून हे सारे जवळ.

आता बसविषयी लिहायला आमच्यापैकी एकाचा हात शिवशिवतो आहे. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली, ती लंडनच्या धर्तीवर, आणि रंगही तोच लाल. जुन्या, वातानुकूलन नसलेल्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता विजेवरच्या नव्या आहेत. तेव्हा लंडनची बस पाहण्याची उत्सुकता राजवाड्यापेक्षा जास्त होती. लंडनची प्रसिद्ध रूटमास्टर बस, मागे उघड्या दाराची, कंडक्टरवाली, ती १९५६ साली सेवेत आली. आपल्या धम्मदीक्षेचे साल. तिची नेहमीची सेवा डिसेंबर २००५ मध्ये संपली. आज तिथल्या बसमध्ये कंडक्टर नाही. ड्रायव्हर काचेआड. रोख पैसे तर जुलै २०१४ पासून घेतच नाहीत. तुमच्याकडे कार्ड नसेल तर हातात शंभराची नोट असली तरी खाली उतरा. घंटीची दोरी नाही, डबल बेल नाही, "पुढे सरका" नाही. लाल बटण दाबायचे, म्हणजे पुढच्या थांब्यावर गाडी थांबते. आमच्या कंडक्टरसाहेबांनी पहिल्या फेरीत वरच्या मजल्यावर जाऊन सवयीने उतारू मोजले, बेचाळीस होते.

भाड्याचा हिशेब मात्र चोख आहे. आम्ही गेलो तेव्हा बसचे भाडे पावणेदोन पौंड, कुठूनही कुठे. पहिल्या टेकवणीपासून तासाभरात दुसरी, तिसरी बस बदलली तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. दिवसाला एक कमाल रक्कम ठरलेली, तिच्यापुढे कितीही फिरा. प्रत्येक माणसाला वेगळे कार्ड लागते, एकाच कार्डावर तिघे जाता येत नाही. आम्ही ऑयस्टर कार्डे घेतली. कार्डाची स्वतःची किंमत परत मिळत नाही, पण ती पुढच्या माणसाला देता येतात. आमची तिन्ही सध्या कपाटात आहेत, कोणी जाणार असेल तर घेऊन जावे. साठीच्या वरच्यांना फुकट पास आहे खरा, पण तो लंडनमध्ये राहणाऱ्यांनाच. विमानतळावरून शहरात येण्यासाठी सगळ्यात झगझगीत जाहिरात असलेल्या गाडीत बसू नये. साधी भुयारी रेल्वे, पिकॅडिली लाइन, पुष्कळ स्वस्त नेते.

भुयारी रेल्वे म्हटली की एंजल स्टेशनाचा सरकता जिना आठवतो. तिथल्या सगळ्या स्टेशनांतला हा सर्वांत लांब, साठ मीटरच्या आसपास. वरून खाली पाहिले की विहीर. अक्का पहिल्या दिवशी तिथेच थिजली. मागे लोक उभे राहिले. एका तरुण बाईने काही न बोलता अक्काचा हात धरला आणि दोघी खाली गेल्या. खाली गेल्यावर तिने हात सोडला, मान लवली आणि गर्दीत गेली. दुसऱ्या दिवसापासून अक्का आमच्या आधी पाऊल टाकायची.

पहिला मान ब्रिटिश म्युझियमचा. प्रवेश फुकट. लंडनची बहुतेक मोठी सरकारी संग्रहालये फुकट आहेत, हे त्या कंपनीच्या पुस्तिकेत कुठेच नव्हते. मात्र वेळ आधी राखून ठेवावी, नाहीतर तपासणीची रांग मोठी असते. मधोमध गोल इमारत आहे, १८५७ साली उघडलेले वाचनालय. बाबासाहेब इथे वाचत बसत. आता पुस्तके तिथून हलली आहेत. तीच परंपरा ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेली. इंडिया ऑफिसचे ग्रंथ आणि दप्तरही आज तिथेच आहे.

पण त्या इमारतीत आम्हाला ज्याची कल्पना नव्हती ते ३३ क्रमांकाच्या दालनाला लागून सापडले. अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा. आंध्रातल्या कृष्णाकाठच्या महास्तूपाचे कोरीव दगड, एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी उकरून बोटीने इथे आणलेले. उरलेले पुष्कळसे चेन्नईच्या संग्रहालयात आहेत. काचेच्या भिंतीमागे फिकट पांढरे दगड ओळीने लावले आहेत. काही शिळांवर बुद्धाची मूर्ती आहे, काहींवर मूर्ती नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावले, आणि भोवती हात जोडलेली माणसे. अक्का बराच वेळ उभी राहिली. "आसन रिकामं का?" आम्ही सांगितले, जुन्या काळी भगवंताला असेच खुणेने दाखवत. ती म्हणाली, "आणि हे इथं कशाला आणलं?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. इथे नीट सांभाळले आहे हे खरे. आम्हाला ते बघायला माणशी १२७ पौंड भरावे लागले हेही खरे. अक्काने चपला काढायला घेतल्या, आम्ही नको म्हटले, मग तिने तशीच त्रिवार वंदना म्हटली, मनातल्या मनात. ओठ तेवढे हलत होते.

दुपारी ग्रेज इन. ही वकिलांची जुनी संस्था. बाबासाहेबांनी इथे १९१६ मध्ये नाव घातले. मधल्या काळात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला येऊन त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा केला. आतल्या इमारती आपल्यासारख्यांना सहज उघड्या नसतात. २०२१ पासून तिथे त्यांच्या नावाची एक खोली आहे, ती पाहायची तर आधी पत्र लिहून विचारावे. आम्ही लिहिले नव्हते, ही दुसरी चूक. बाग मात्र कामाच्या दिवशी दुपारी थोडा वेळ सर्वांना खुली असते, म्हणून आम्ही बारानंतर गेलो. बाकावर बसून वसतिगृहातून आणलेली पोळीभाजी खाल्ली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली इथले सभागृह बॉम्बने जळाले आणि नंतर पुन्हा बांधले. म्हणजे बाबासाहेब ज्या भिंतींत जेवणाला बसत त्यातल्या बऱ्याच नव्या आहेत. जमीन तीच.

तिथून चालत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. फाटक नाही, पटांगण नाही, गल्लीबोळांत उभ्या इमारती. १९२१ साली एमएस्सी आणि १९२३ साली डीएस्सी या पदव्या त्यांना इथल्या. प्रबंधाचा विषय रुपया. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून आले होते, शिवाय शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज. संस्थेत त्यांचा अर्धपुतळा आहे. स्वागतकक्षात विचारावे. आम्ही विचारले आणि तिथल्या पहारेकऱ्याने, तो मूळचा आफ्रिकेतला असावा, अक्काकडे पाहून सांगितले की तुमच्यासारखे पुष्कळ लोक येतात, एप्रिलमध्ये तर फार.

किंग हेन्रीज रोडला जाताना आम्ही भरकटलो. नॉर्दर्न लाइन कॅम्डन टाउनला फुटते, एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे. आपल्याला चॉक फार्म हवे, म्हणजे एजवेअरची गाडी. आम्ही पुढे आली ती पकडली आणि केंटिश टाउनला उतरलो. कुर्ल्याला हार्बर आणि मेन यांत गोंधळणाऱ्या पाहुण्यांना आजवर आम्ही हसलो होतो, ते तिथे फिटले. उलटे येऊन चॉक फार्मला उतरलो. स्टेशनाबाहेर रेल्वेच्या रुळांवरचा पूल ओलांडला की पाच मिनिटांत तो रस्ता.

दहा नंबर. शांत रस्ता, ओळीने उंच अरुंद घरे, त्यातले हे एक. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिल्याची गोल पाटी भिंतीवर आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून ते उघडले. पुढे शेजारच्या काही लोकांनी हरकत घेतली, की राहत्या वस्तीत संग्रहालय नको, गर्दी होते. स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. म्हणून तिथे जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाने आवाज हळू ठेवावा, दारात घोळका करू नये. घर टिकवायला तेवढे तरी आपल्या हातात आहे. उघडण्याच्या वेळा बदलतात, निघण्याआधी विचारून घ्यावे.

आत जिना उभा आहे. अक्काचे गुडघे, म्हणून एकेक पायरी बसत-उठत चढलो. खोल्यांत पुस्तके, फोटो, पलंग, टेबल मांडले आहेत. ती सारी त्या वेळचीच असतील असे नाही. अक्का वस्तू बघत नव्हती. ती खिडकीशी गेली, बाहेर पाहिले, मग भिंतीला तळहात लावून उभी राहिली. आमच्यापैकी एकाने फोटो काढायला फोन वर केला, दुसरीने तो खाली केला.

लंडनच्या विद्यार्थीदशेतल्या बाबासाहेबांच्या जेवणाचे हाल चरित्रकारांनी लिहिले आहेत. सकाळचे तुटपुंजे खाणे, दिवसभर वाचनालय आणि रात्री पत्र्यावर भाजलेले पापड. अक्काने ते विहारातल्या वाचनात ऐकले होते. तिने चेंबूरहून उडदाचे पापड आणले होते. (मांसाचे आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे, तूप घरीच ठेवले.) त्या घरात खाणे बरे दिसले नसते. तिथून चालत प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. वरून सारे लंडन दिसते. गवतावर बसून सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजलेले ते पापड आम्ही खाल्ले. नरम पडले होते.

बाकीचे थोडक्यात. पार्लमेंटच्या प्रेक्षक गॅलरीत चालू चर्चा ऐकायला पैसे लागत नाहीत, फक्त तपासणी कडक. बाके निम्मी रिकामी होती आणि एक सभासद डुलकी घेत होता, त्यामुळे परके वाटले नाही. याच इमारतीतल्या रॉयल गॅलरीत १२ नोव्हेंबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन झाले. पुढची बैठक सेंट जेम्स पॅलेसमध्ये. तो बाहेरूनच पाहायचा. ब्रिटिश लायब्ररीत १२१५ सालची मॅग्ना कार्टा फुकट पाहता येते, चामड्यावर मुंगीएवढी अक्षरे. टॉवर ऑफ लंडनचे तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर होते, आत कोहिनूर आहे. अक्का म्हणाली, आपलाच दगड बघायला पैसे कशाला, म्हणून बाहेरून किल्ला आणि टॉवर ब्रिज पाहून परतलो. चिझिकला अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली स्थापन केलेला लंडन बुद्धिस्ट विहार आहे, तिथे एक संध्याकाळ फार बरी गेली.

एक फजिती राहिली. ओळखीच्या एका गृहस्थांनी निघताना प्रेमाने वीस पौंडांच्या दोन नोटा दिल्या होत्या, कागदी. त्या सप्टेंबर २०२२ अखेर बाद झालेल्या. आता चालतात त्या प्लास्टिकच्या. दुकानदाराने हसून परत केल्या. चाळीस पौंड म्हणजे आमचे तिघांचे दोन दिवसांचे जेवण. बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात म्हणून गेलो, तर रांग इतकी की ओळखपत्रे आणि दुपार दोन्ही खर्ची पडली. पण त्या निमित्ताने बँकेचे संग्रहालय पाहिले, फुकट, शनिवार-रविवार बंद. तिथे काचेच्या पेटीत हात घालून तेरा किलोची खरी सोन्याची वीट उचलून बघता येते. रुपया सोन्याशी कसा जोडावा यावर ज्याने प्रबंध लिहिला त्याचे तीन अनुयायी तिथे आळीपाळीने वीट उचलत होते. अक्काला ती हलली नाही. "राहू दे," म्हणाली, "आपल्या कामाची न्हाई."

तिघांचा एकूण खर्च, अक्काची दुसरी फी धरून, साडेचार लाखांच्या आत बसला. पैकी निम्म्याच्या जवळपास विमानाचा. त्या कंपनीचा दर माणशी अडीच लाख होता.

परत आल्यावर वस्तीतल्या बायका अक्काकडे बसायला आल्या. कोणी विचारले, राणीचा वाडा पाहिला का? अक्काने जिन्याची लांबी हातांनी दाखवली, पोळीचा पिठाचा भाव सांगितला, बसमध्ये कंडक्टर नसतो हे तीनदा सांगितले. घराविषयी विचारले तेव्हा म्हणाली, "भिंत गार होती." मग तिने पत्र्याच्या पेटीतून पासपोर्ट काढून सगळ्यांच्या हातून फिरवला. व्हिसाचे पान दाखवले, आणि त्याच्याबरोबर घडी घालून ठेवलेले नकाराचे पत्रही. त्यातल्या एका बाईची नात बारावीला आहे. तिने दुसऱ्या दिवशी येऊन आमच्याकडून शिष्यवृत्तीची माहिती लिहून नेली.